दादरची 'टु लेट'ची पाटी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपणही चार पाने लिहावीत, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मंडळाचा पन्नास वर्षांचा वृत्तांत अधिकारी व्यक्ती लिहितीलच. त्यांच्या प्रांतात पाऊल टाकण्याचा माझा इरादा नाही. मला त्याच्या थोडे मागे जावयाचे आहे. आपण मराठी माणसे बंगळुरास का आलो, याची उत्तरे प्रत्येक घरात तयार असतात : कोणाची बदली, कोणाचा कारखाना, कोणाचे शिक्षण. परंतु निवृत्तीनंतर परत का गेलो नाही, हा प्रश्न विचारला की मंडळी हवेचे नाव पुढे करतात. येथील हवा उत्तम आहे, यात वाद नाही. तरीही मुंबईहून आलेल्या जुन्या पिढीपुरते बोलायचे तर हवा हे कारण नंतरचे. आधीचे कारण एकाच शब्दात सांगता येईल, आणि तो शब्द म्हणजे 'जागा'. मुंबईच्या मराठीत 'जागा' म्हणजे जमीन नव्हे. जागा म्हणजे राहण्याच्या खोल्या. ती 'मिळते', 'जाते', 'अडकते' आणि 'सांभाळावी' लागते. या जागेचा इतिहास सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९६६ साली आम्ही या शहरात आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. राज्याचे नाव तेव्हा म्हैसूर होते. ते कर्नाटक झाले १९७३ साली. जयनगरच्या रस्त्यांवर वडील मला घेऊन घर शोधत हिंडत होते. एका फाटकाला पत्र्याची पाटी टांगलेली दिसली : 'टु लेट'. वडील तिच्यापुढे थांबले आणि बराच वेळ हललेच नाहीत. मला वाटले, पत्ता पाहत असावेत. मग म्हणाले, "ही पाटी मी शेवटची पाहिली ती तुझ्या आजोबांचे बोट धरून, दादरला. तेव्हा मी तुझ्यापेक्षाही लहान होतो." मुंबईत वाढलेल्या माणसाला भाड्याच्या रिकाम्या घराची पाटी उघड्यावर टांगलेली दिसणे हे तोपर्यंत जवळजवळ अशक्य झाले होते. मधल्या तीस वर्षांत ती पाटी मुंबईतून कशी नाहीशी झाली, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा पहिला रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लोक शहर सोडून पळू लागले. रोग पसरवणारा उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू यांचे गणित तेव्हा उलगडलेले नव्हते. दोष दिला गेला तो अंधाऱ्या, कोंदट घरांना. या विचारातून १८९८ साली कायद्याने 'बॉम्बे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्तीत रुंद रस्ते कापणे, गलिच्छ घरे पाडणे आणि बेटाच्या उत्तरेकडील मोकळ्या भागात, म्हणजे दादर, माटुंगा, शीव या बाजूस, आखीव वस्ती उभारणे ही त्याची कामे. त्याच १८९८ साली प्लेग बंगळुरातही आला, आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम् या आपल्या ओळखीच्या वस्त्या त्यानंतरच वाढीस लागल्या. मल्लेश्वरम्‌चे सरळ काटकोनी रस्ते आणि दादरच्या हिंदू कॉलनीतील गल्ल्या यांत जे साम्य आमच्या पिढीला जाणवते, त्याच्या मुळाशी एकच भीती आहे.

ट्रस्टचे अधिकारी उजेड आणि वारा यांच्या मागे लागलेले होते. त्यांचा एक नियम मोठा गमतीचा आहे. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले असता दृष्टीची रेषा साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असता कामा नये. ज्यांना शाळेतील त्रिकोणमिती आठवत असेल त्यांना हिशोब लगेच कळेल : समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे सोडले पाहिजे. गिरगावात ज्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजाऱ्याच्या भिंतीला लागे, तेथून आलेल्या माणसाला दादरच्या दोन इमारतींमधील ती मोकळी पट्टी म्हणजे चैन वाटली असल्यास नवल नाही.

परंतु भूखंड आखले म्हणजे घरे उभी राहत नाहीत. दादर-माटुंग्याचे भूखंड बरीच वर्षे तसेच पडून होते. कचेऱ्या कोटात, आणि राहायचे दादरला, हे कारकुनाला परवडणार कसे? ती अडचण दूर केली आगगाडीने. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेची गाडी धावली, १९२८ साली पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत. दादरला दोन्ही रेल्वे एकमेकींना खेटून जातात. म्हणून दादरचे भाग्य उजळले. १९२५ सालीच माहीमच्या किनाऱ्यालगतचे मोठे मैदान लोकांसाठी खुले झाले. दोन वर्षांनी, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले.

याच सुमारास सरकारने स्वतःही घरे बांधण्याचा एक मोठा उद्योग केला होता. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली 'डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' काढले आणि कामगारांसाठी पन्नास हजार गाळे बांधण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या, गाळे झाले सुमारे सोळा हजार. १६० चौरस फुटांची एक खोली, सिमेंट-काँक्रीटच्या भिंती, मजल्यावर सार्वजनिक मोरी आणि संडास. आज ज्यांना आपण 'बीडीडी चाळी' म्हणतो त्या याच. गंमत अशी की बांधून झाल्यावर यांतील पुष्कळ गाळे कित्येक वर्षे रिकामे होते. गिरण्यांपासून दूर, भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर, आणि रस्ते-दुकाने धड नाहीत, अशा ठिकाणी कोण जाणार? मुंबईत घरे आहेत आणि राहणारा नाही, हे वाक्य आज कोणाला खरे वाटणार नाही. पण त्या दशकात ते अक्षरशः खरे होते. १९२१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ११ लाख ७६ हजार भरली होती, ती १९३१ साली ११ लाख ६१ हजारांवर आली. व्यापारातील मंदी आणि गिरण्यांचे लांबलेले संप यांनी शहराची वाढच थांबवली होती.

आता १९३० नंतरच्या दहा वर्षांकडे येऊ. कारण आमच्या आजोबांची कथा तेथे सुरू होते. मंदीत माल स्वस्त, मजुरी स्वस्त, आणि गिरणीच्या शेअरांवरचा विश्वास उडालेला. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना इमारत बांधून भाडे खाणे हा सर्वांत निर्धोक धंदा वाटू लागला. सिमेंट-काँक्रीटचे तंत्र हाताशी आलेले होते. १९३६ साली सिमेंटच्या अनेक कंपन्या एकत्र होऊन 'एसीसी' झाली. मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हलसमोर गोलाकार सज्जांच्या ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांना २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण त्या श्रीमंतांच्या. त्यांचेच तीन मजली, मध्यमवर्गीय भावंड दादर-माटुंग्यात गल्लोगल्ली जन्माला आले, आणि त्यातील बिऱ्हाडाच्या जागेला मराठीने नाव दिले 'ब्लॉक'.

चाळीतील खोली आणि ब्लॉक यांतील फरक लांबीरुंदीचा नव्हता. ब्लॉकला स्वतःचे एक दार होते. ते लावले की आतले जग आपले. स्वयंपाकघर वेगळे, न्हाणीघर वेगळे, आणि सर्वांत क्रांतिकारक गोष्ट म्हणजे संडास घरात. जुन्या बायकांना ही कल्पनाच किळसवाणी वाटली. ज्या घरात देव, त्याच घरात शौचकूप? आमच्या आजीने म्हणे पहिले सहा महिने त्या दारावर पडदा आणि पडद्यापुढे उंबऱ्याची रांगोळी अशी सीमा आखून घेतली होती. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना या नव्या घरांत कशा वाकल्या, याचा विचार निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरी घरांवरील २०१३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात माटुंग्याच्या दक्षिणी कुटुंबांच्या संदर्भात केला आहे. मराठी घरांतही काही निराळे घडले नसावे. १९३७ साली भारतीय वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले. तेथे मांडलेले स्वयंपाकघर आमच्या घरात कधी आले नाही. पण घर कसे असावे याविषयी माणसे बोलू लागली होती, हेही थोडके नव्हे.

आजोबा गिरगावात चाळीच्या दीड खोलीत आठ माणसांसह राहत होते. १९३६ च्या ज्येष्ठात एका रविवारी ते वडिलांना घेऊन दादरला उतरले. त्या एका सकाळी त्यांनी पाच इमारती पाहिल्या. प्रत्येक इमारतीवर 'टु लेट'ची पाटी. चुन्याचा वास ताजा, लाद्यांवर अजून भुसा पसरलेला. एका मालकाने पहिल्या महिन्याचे भाडे माफ करू म्हटले, दुसऱ्याने भिंतींना हवा तो रंग देऊ म्हटले. आजोबांनी घेतला तो ब्लॉक दुसऱ्या मजल्यावरचा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडे बत्तीस रुपये. डिपॉझिट नाही, करारनामा नाही, पागडी हा शब्दच नाही. मालकाचा मेहता पाच तारखेला येई आणि पावती फाडून देई. ती पहिली पावती माझ्यापाशी आहे. आजोबांच्या पिढीला घर 'घेणे' म्हणजे विकत घेणे वाटतच नसे. कमावत्या माणसाने भाड्याने राहावे आणि घर बांधायचे ते कोकणात, अशी समजूत. त्या समजुतीची किंमत पुढे आम्ही चुकती केली.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाटी लावलेली असली तरी ती सर्वांसाठी लावलेली नसे. मेहता भाडे सांगण्यापूर्वी आडनाव विचारी. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या साऱ्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळाली नाही. पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले आणि ओळख फुटताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे १९३० नंतरच्या वर्षांत याच दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले, प्रामुख्याने आपल्या ग्रंथांसाठी. आमच्या आजोबांना एका सकाळी पाच घरे पाहता आली, त्यात त्यांच्या बत्तीस रुपयांइतकाच त्यांच्या आडनावाचा वाटा होता. स्वस्ताईच्या आठवणी सांगताना आमची वडीलधारी मंडळी हे गाळत असत. आपणही परगावी आल्यावर, "आपण कोण? शाकाहारी का?" हे प्रश्न फाटकाशी ऐकले आहेत, तेव्हा कोठे त्यांची धार कळली.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि चित्र पालटले. सिमेंट आणि लोखंड लष्कराकडे वळले, नवी बांधकामे थांबली, आणि युद्धाच्या कारखान्यांसाठी माणसे मुंबईत लोटू लागली. मध्यंतरी १९४२ च्या आरंभी, सिंगापूर पडल्यावर, जपानी बॉम्बच्या धास्तीने पुष्कळ कुटुंबे गावी निघून गेली. पण ही ओहोटी काही महिन्यांचीच. १९४१ साली १४ लाख ९० हजार असलेली शहराची वस्ती १९५१ साली २३ लाखांच्या वर गेली. त्यात फाळणीने उखडलेल्या निर्वासितांचा मोठा लोंढा होता. घरे मात्र जवळजवळ तेवढीच. 'टु लेट'च्या पाट्या उतरल्या त्या पुन्हा चढल्याच नाहीत, आणि त्यांच्या जागी आली पागडी. डोक्यावर मानाने मिरवायच्या वस्तूचे नाव हातात गुपचूप द्यावयाच्या रकमेला कसे चिकटले, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे.

भाडेनियंत्रण मुंबईला नवीन नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, असा कायदा झाला होता आणि परिस्थिती निवळल्यावर तो गेलाही होता. १९३९ आणि १९४४ साली पुन्हा कायदे झाले. परंतु ज्याने मुंबईचा चेहरामोहरा ठरवला तो १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. अंमल १९४८ च्या फेब्रुवारीपासून. त्याचे मर्म असे : १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे'. त्यानंतर प्रथमच दिलेल्या जागेचे, पहिल्यांदा ठरलेले भाडे. त्यावर कराची वाढ वगैरे किरकोळ भर. भाडे देत राहणाऱ्या भाडेकरूला कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून काढता येणार नाही. भाड्याखेरीज पागडी घेणे हा गुन्हा. कायदा मुळात थोड्याच वर्षांसाठी होता. मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक टिकला.

या कायद्याला नावे ठेवणे आज सोपे आहे. पण तो नसता तर १९४८ साली आमच्या आजोबांसारखी हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, हेही खरे. चूक संरक्षण देण्यात नव्हती. बत्तीस रुपये बत्तीसच राहतील आणि गवंड्याची मजुरी मात्र दसपट होईल, याची सोय कोणी पाहिली नाही. मालकाने गच्ची दुरुस्त करणे सोडले. नव्या इमारती भाड्याने देण्यासाठी बांधण्यात कोणालाच राम वाटेना. ज्याच्यापाशी जुनी जागा होती तो सुखी, ज्याच्यापाशी नव्हती त्याला मुंबई बंद. नवे लग्न झालेल्या जोडप्याने कोठे जावे? ते डोंबिवलीला गेले, किंवा आपल्यासारखे आणखी दूर.

याच कायद्यात दोन कलमे अशी होती की परगावी गेलेल्या माणसाला ती तोंडपाठ असत. जागा सबळ कारणावाचून सलग सहा महिने वापरात नसेल तर मालकाला ती परत मागता येत असे. आणि मूळ भाडेकरू वारला तर त्याच्या जागेवर हक्क पोचे तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा. म्हणजे नोकरीसाठी बाहेर जायचे तर जागेत कोणी तरी मागे ठेवणे भाग. आपल्या मंडळातील जुन्या सभासदांना विचारून पाहा. दहांतील चार घरांत अशी एक व्यक्ती निघेल : विधवा आई, अविवाहित आत्या, कॉलेजातला धाकटा भाऊ. ती व्यक्ती मुंबईत 'जागा सांभाळीत' असे.

आमच्याकडे ती आजी होती. आजोबा १९६१ साली गेले. १९६६ मध्ये वडील येथील कारखान्यात रुजू झाले, तेव्हा आजीला बरोबर आणण्याची सारी तयारी झाली होती. तिने साफ नकार दिला. "मी आले तर तुम्ही परत येणार कुठे?" एवढेच ती म्हणाली. त्यानंतर आठ वर्षे ती दोन खोल्यांत एकटी राहिली. आम्ही मे महिन्यात जात असू. तेव्हा ती आमच्यासाठी रेशनची साखर साठवून ठेवी. रेशनकार्डावर आमची सर्वांची नावे तशीच होती. गुडघे गेले तरी दोन जिने चढत-उतरत राहिली, कारण महिनाभर जरी दार बंद दिसले तरी मालक कोर्टात जाईल, ही धास्ती. खरे पाहता मालक तसा माणूस नव्हता. पण कायद्याने मालक आणि भाडेकरू यांना एकमेकांचे शत्रू ठरवून टाकले होते, आणि दोघेही आपापली भूमिका इमानाने वठवीत होते.

नोव्हेंबर १९७४ मध्ये आजी त्या जागेतच वारली. दिवसपाणी चालू असतानाच एक दलाल जिना चढून आला. वडिलांच्या तीन वर्षांच्या पगाराइतकी रक्कम त्याने बोलून दाखवली. युक्ती सोपी होती : रेशनकार्डावर नाव आहेच, मी आईबरोबरच राहत होतो, बंगळूरला केवळ तात्पुरता गेलो होतो, असे लिहून द्यायचे, पावती आपल्या नावे करून घ्यायची, मग जागा पुढे द्यायची, मालकाचा वाटा मालकाला. शेजारी साक्षीला तयार होते. शेजारधर्मच तो.

वडिलांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मालकाकडे जाऊन किल्ली त्याच्या हातात ठेवली. मीही सोबत होतो. एकोणीस वर्षांचा होतो. मालक वयस्क झाले होते. त्यांनी किल्ली घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "अहो, काही मागणार नाही?" वडील म्हणाले, "वडिलांनी आत येताना काही दिले नव्हते." मालकाने कागदावर जागा खाली करून मिळाल्याचे लिहून दिले. डिपॉझिट नव्हतेच, त्यामुळे परत देण्याचा प्रश्न नव्हता. त्या जागेचे पुढे त्यांनी काय केले, कोणाला व कशी दिली, हे आम्ही विचारले नाही.

गिरगावात राहणारी आत्या मात्र हे ऐकून उभीच राहिली. "दादा, ती किल्ली तुझी नव्हती," ती म्हणाली. "आईने आठ वर्षे एकटीने ती सांभाळली. कोणासाठी सांभाळली, हे तरी मनात आणायचे होतेस." पुढली दोन वर्षे ती वडिलांशी बोलली नाही. वडील प्रामाणिक होते हे मी जाणतो. ते बरोबर होते का, याचा निकाल मला अजून देता आलेला नाही. त्या रकमेत त्या काळी ठाण्याकडे एखादी ओनरशिपची जागा होऊ शकली असती, आणि मग हा लेख कदाचित दुसऱ्या कोणी लिहिला असता.

'ओनरशिप' हा शब्द आला म्हणून त्याचीही हकिगत थोडक्यात सांगतो. सहकाराने घर बांधण्याचा प्रयोग मुंबईत फार जुना. राव बहादूर श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या प्रयत्नांतून गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली. पण सर्वसाधारण कुटुंबाने बिल्डरकडून एकेक ब्लॉक विकत घ्यावा, ही पद्धत रुळली ती भाड्याच्या इमारती बंद पडल्यावर. त्यात फसवणूक इतकी होऊ लागली की १९६३ साली महाराष्ट्राला ओनरशिप फ्लॅटचा वेगळा कायदा करावा लागला. जुन्या भाड्याच्या इमारती एकीकडे खचत होत्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, तेव्हा उपकर लावलेल्या इमारतींची संख्या १९ हजारांवर भरली. मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट काढली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सधारकांनाच कायद्याने भाडेकरू करून टाकले. त्या दिवसानंतर रिकामी जागा अनोळखी माणसाला देण्याची मालकाची उरलीसुरली हिंमतही गेली. कुलपे लागलेली घरे आणि घर शोधणारी माणसे एकाच जिन्यावर दिसू लागली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४० चे गोठवलेले भाडे आता न्याय्य राहिलेले नाही असे म्हटले. १९९९ चा नवा कायदा २००० सालच्या मार्चअखेरीपासून लागू झाला आणि त्याने पागडीलाही मान्यता देऊन टाकली. जे केले नाही म्हणून आत्या दोन वर्षे बोलली नाही, ते पंचवीस वर्षांनी कायदेशीर झाले. आत्या तेव्हा हयात होती. मी तिला ती बातमी वाचून दाखवली नाही.

१९६६ च्या त्या दिवसाचे सांगायचे राहिले. जयनगरच्या त्या फाटकावरची पाटी वाचून वडिलांनी कडी वाजवली. घर नवे कोरे होते. मालक खाली राहायचे, वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. जिन्यावर अजून कठडा बसला नव्हता आणि भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता. मालकीणबाईंनी कन्नडमध्ये काही विचारले, ते आम्हांला कळेना. मालकांनी इंग्रजीत सांगितले : सामान केव्हाही आणा, पण आधी चुलीवर दूध उतू जाऊ द्या, म्हणजे घराला बरकत येते. आईपाशी चूल नव्हती, भांडेही नव्हते. मालकीणबाईंनीच खालून स्टोव्ह आणि पितळी पातेले आणून दिले. मुंबईतून आलेल्या वडिलांनी खिशात हात घालून विचारले, "वर काही द्यावे लागेल काय?" मालकांना प्रश्नच समजला नाही.

किल्ली परत करून आल्यानंतरच्या वर्षी, १९७५ मध्ये, आपल्या मंडळाची पहिली बैठक याच वरच्या मजल्यावर भरली. वडिलांनी सतरंजी अंथरली होती, खुर्च्या दोनच होत्या. हजेरीच्या वहीत एकवीस सह्या आहेत. नावापुढे पत्ता लिहावयाचा रकाना होता. अकरा जणांनी त्यात मुंबईचा पत्ता लिहून मग तो खोडला आहे आणि त्याखाली बंगळूरचा लिहिला आहे. वडिलांच्या नावापुढे खाडाखोड नाही.